सकाळी ८ चा फोन लागतच नाही

प्रश्न: लेस्टरला राहतो. जीपीला (फॅमिली डॉक्टरला) ८ ला फोन लावला की 'तुमचा नंबर तेविसावा', आणि माझी पाळी येईपर्यंत अपॉइंटमेंट संपलेल्या. सहा वर्षांच्या मुलीचा कान ठणकतोय, करू काय?

उत्तर: अहो, कानासाठी जीपीच कशाला? इंग्लंडात जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट ही योजना आहे, ७ तक्रारींसाठी, त्यात १ ते १७ वयाची कानदुखी येते, केमिस्टच कान बघतो आणि गरज असेल तर अँटिबायोटिकही देतो (मलाही आधी पटलं नव्हतं). बाकी अर्जंट नसेल ते जीपीच्या ऑनलाइन फॉर्मवर टाका, ऑक्टोबर २०२५ पासून प्रॅक्टिसला (जीपीच्या दवाखान्याला) तो ८ ते ६:३० चालू ठेवावाच लागतो. नुसतं 'बरं नाही' लिहू नका, किती दिवस, ताप किती, काय औषध दिलं ते सगळं लिहा. रात्री वाढलं तर १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.