मूलपेशींत संशोधन करायचंय, मग गणित सोडू का?

पत्र: मी सोलापुरात अकरावी सायन्सला आहे. अपघातानंतर माझ्या मामांच्या नडगीचं हाड वर्षभर जुळलंच नाही. शेवटी त्यांच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुढेमागे हे काम स्टेम सेलने होईल. मला त्यातच संशोधन करायचंय. क्लासचे सर म्हणतात, गणित सोड आणि नीटच्या मागे लाग. बाबांचे अक्कलकोट रोडला पॉवरलूम आहेत, त्यांना वाटतं मी कॉम्प्युटर घ्यावं. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन स्टेम सेल कोर्सची जाहिरातही आलीय. काय करू?

उत्तर: गणित सोडू नकोस. नीट द्यायची की नाही, ते नंतर बघू.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात. हे नाव निघालं की सगळ्यांना जीवशास्त्रच आठवतं. पण हाडाच्या बाबतीत गाडी बरीचशी दुसरीकडे अडली आहे. अस्थिमज्जेतून मूलपेशी काढता येतात, प्रयोगशाळेत वाढवताही येतात. त्या नुसत्या सुईने मोडलेल्या जागी सोडल्या, तर बऱ्याचशा तिथे टिकत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा, मोकळी जागा भरून काढणारा आणि नवं हाड तयार होईल तसा स्वतः विरघळत जाणारा पदार्थ लागतो. त्याला स्कॅफोल्ड म्हणतात, आणि तो अजून कुणाला मनासारखा जमलेला नाही.

हाडाच्या वजनात साधारण दोनतृतीयांश भाग खनिजाचा असतो. त्याच जातीचं हायड्रॉक्सिॲपटाइट हे कॅल्शियमचं खनिज वापरलं तर पेशींना ते मानवतं, पण ते ठिसूळ आणि शरीरात वर्षानुवर्षं जवळजवळ तसंच पडून राहतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं, कधीकधी हाड भरायच्या आतच. कोलॅजन किंवा ॲल्जिनेटच्या जेलमध्ये पेशी मजेत राहतात, पण जेल पायाचा भार काय पेलणार? पीएलजीएसारखे शरीरात विरघळणारे प्लास्टिकवजा पॉलिमर हव्या त्या आकारात घडवता येतात, मात्र विरघळताना ते आम्ल सोडतात. म्हणून सगळे मिश्रणं करून बघतात.

खरी गंमत छिद्रांत आहे. रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असलेल्या पेशीला ऑक्सिजन पुरत नाही. त्यामुळे रक्तवाहिन्या आत शिरतील एवढी, साधारण ३०० मायक्रॉनची छिद्रं ठेवावी लागतात. ती वाढवली की ताकद घटते. बाबांना विचार, टेरी टॉवेलचे लूप पाणी शोषायला मोकळे हवेत आणि कापड टिकायला वीण घट्ट हवी, हा तोल ते रोज कसा साधतात. त्यांना तुझा विषय माझ्यापेक्षा लवकर कळेल! शिवाय २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की मूलपेशी मऊ पृष्ठभागावर चेतापेशीच्या वळणाला जाते, कडक पृष्ठभागावर हाडाच्या. ऑक्सिजन किती खोल पोचेल, भार कुठे येईल, पदार्थ किती दिवसांत झिजेल, हे सगळं समीकरणं मांडूनच काढतात. कॉम्प्युटर तिथे लागतोच, तेवढं बाबांचं खरं आहे.

तेव्हा बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेव, एमएचटी-सीईटीचे गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन्ही ग्रुप दे. पुढे मटेरियल्स, पॉलिमर, केमिकल किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंग. टेक्स्टाइललाही नाक मुरडू नकोस, नॅनोधाग्यांचे स्कॅफोल्ड हा याच क्षेत्रातला जिवंत विषय आहे आणि टेक्स्टाइल शिकवणारं इचलकरंजी काही लांब नाही. घरापासून दूर पाठवायचं नसेल, तर सोलापुरातच रसायनशास्त्रात बीएस्सी करून आयआयटीसारख्या संस्थांत एमएस्सीला प्रवेश देणारी जॅम परीक्षा देता येते. इंजिनीअरिंगनंतर पुढच्या शिक्षणासाठी जी गेट परीक्षा असते, तिच्यात २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. पीएचडीच्या वेळी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, आयआयटी मुंबई, पुण्यातलं एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) ही नावं डोळ्यांपुढे ठेव. मामांसारख्या रुग्णांवर स्वतः शस्त्रक्रिया करायची असेल तर मात्र नीट, एमबीबीएस आणि मग ऑर्थोपेडिक्स, दुसरा रस्ता नाही. ते ठरवायला अजून वर्ष आहे.

बाबांना एक गोष्ट आधीच सांग: पीएचडी होईपर्यंत आजपासून दहा वर्षं सहज जातात आणि निव्वळ मूलपेशींच्या नोकऱ्या मोजक्याच आहेत. मी मटेरियल्सचा आग्रह धरतो तो त्यासाठीच. स्कॅफोल्डचं जमलं नाही तरी इम्प्लांट, दातांचं सिरॅमिक, पॉलिमर, चाचणी प्रयोगशाळा अशी दारं उघडी राहतात.

त्या सहा आठवड्यांच्या कोर्सला पैसे घालू नकोस. त्या प्रमाणपत्रावर कुठली प्रयोगशाळा तुला आत घेणार नाही. आणि उद्या कुणी मामांना पैसे घेऊन स्टेम सेलची इंजेक्शनं देऊ केली, तर घरच्यांना सावध कर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशींचं प्रत्यारोपण तेवढं प्रस्थापित उपचार मानलं गेलं, बाकीचं चाचणीच्या टप्प्यावर. चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो. तो आधी मागा.