मान्यता गेली, तरी घर उघडंच

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून आणि काही विद्यार्थ्यांकडून फ्रॅटर्निटी-सोरोरिटींबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या आणि मुलींच्या सदस्य-संघटनांबद्दल, बरेच प्रश्न आले. त्यातले पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. ज्या फ्रॅटर्निटीत जायचं म्हणतो, तिला विद्यापीठाने चार वर्षांसाठी निलंबित केलंय. त्याचं म्हणणं, ‘घर चालू आहे, पार्ट्याही होतात, मग कसलं निलंबन?’ हे कसं शक्य आहे? – एक वडील, पुणे

उत्तर : शक्य आहे, कारण फ्रॅटर्निटीला एक नाही, तीन धनी असतात. चार्टर, म्हणजे त्या नावाने शाखा चालवायचा परवाना, देतं राष्ट्रीय मुख्यालय. नावातली ग्रीक अक्षरं वापरायचा हक्क आणि विमा सहसा त्याच्याकडून येतो. मान्यता देतं विद्यापीठ. कॅम्पसवर हॉल मिळणं, भरतीच्या आठवड्यात टेबल मांडणं, कॅम्पसवरच्या स्पर्धांत संघ उतरवणं हे त्या मान्यतेवर अवलंबून. आणि घर बऱ्याचदा माजी सदस्यांनी काढलेल्या कंपनीच्या मालकीचं असतं. विद्यापीठाला काढून घेता येते ती फक्त मान्यता. दुसऱ्याच्या घराला ते टाळं कसं ठोकणार?

चार वर्षांचा हिशेबही साधा आहे. पदवी चार वर्षांची, म्हणजे तेवढ्यात प्रकरणाच्या वेळची सगळी मुलं बाहेर पडतात आणि सवयींची साखळी तुटते. पण घर गुपचूप नवी मुलं घेत राहिलं, तर ती तुटतच नाही. तुमचा मुलगा त्या साखळीतली पुढची कडी ठरेल.

कधीकधी मात्र मान्यतेबरोबर घरही जातं. डार्टमथ कॉलेजने २०१५ मध्ये अल्फा डेल्टा या फ्रॅटर्निटीची मान्यता काढली. नव्या सदस्यांच्या अंगावर डागण्या दिल्याचं प्रकरण होतं. कॉलेज ज्या गावात आहे, त्या हॅनोव्हरच्या नियमानुसार त्या भागात विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालवायचं तर ते शिक्षणसंस्थेशी जोडलेलं हवं. मान्यता गेली, तशी तिथे राहण्याची परवानगीही गेली. घर या नियमाच्या आधीपासूनचं आहे, हा युक्तिवाद न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मानला नाही. उलट उदाहरण कोलोराडो विद्यापीठाचं, बोल्डरचं. २००४ मध्ये एका नव्या विद्यार्थ्याचा दारूने मृत्यू झाल्यावर विद्यापीठाने फ्रॅटर्निटींबरोबरच्या करारासाठी कडक अटी घातल्या. फ्रॅटर्निटींनी २००५ मध्ये सही नाकारली आणि विद्यापीठाशिवाय चालू राहिल्या.

मुलाला इतकंच विचारा : चार्टर अजून आहे का, आणि विमा कोणाचा? दोन्हींना गुळमुळीत उत्तर आलं तर जाऊ देऊ नका. तिथे जिन्यावरून कोणी पडलं, तर दावा मुलांच्या आणि पालकांच्या दारात येऊ शकतो.

प्रश्न : हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच ना? मुलगी तर स्वतःच्या मर्जीने सोरोरिटीत जातेय. मग तक्रार टिकेल का? – एक आई, ठाणे

उत्तर : भावंडं आहेत, जुळी नाहीत. आपल्याकडे सीनियर नवख्याला धरतो. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा त्यासाठीच आहे. हेझिंग होतं ते आत यायची इच्छा असलेल्यावर. म्हणून ‘तिला कोणी बळजबरी केली होती?’ हा प्रश्न तिथे हमखास येतो. उत्तर कायद्यातच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार सदस्य होण्यासाठी किंवा राहण्यासाठी धोक्यात घालणारं कृत्य हे हेझिंगच, समोरचीची तयारी असो वा नसो. तक्रार टिकते.

तयारी दाखवून जीव गेल्याची उदाहरणं आहेत. पेन स्टेट विद्यापीठातल्या बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत फेब्रुवारी २०१७ मध्ये टिमथी पियाझा या १९ वर्षांच्या मुलाला ८२ मिनिटांत किमान १८ पेयं पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला, आणि मदतीला फोन गेला तो जवळपास बारा तासांनी. विद्यापीठाने त्या चॅप्टरची, म्हणजे तिथल्या शाखेची, मान्यता कायमची काढली. पेनसिल्व्हेनियाचा २०१८ चा हेझिंगविरोधी कायदा त्याच्याच नावाचा आहे. मुलीला एक गोष्ट पाठ करून ठेवू द्या : कोणी शुद्धीवर नसेल तर आधी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन. स्वतः प्यायलेली असली तरी. बहुतेक विद्यापीठांत मदत मागणाऱ्याला दारूच्या नियमभंगातून सूट असते.

प्रश्न : एखाद्या संघटनेचा इतिहास आधी कुठे बघायचा? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : डिसेंबर २०२४ च्या त्याच संघीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगचा पारदर्शकता अहवाल संकेतस्थळावर ठेवणं भाग पडलं. पहिल्या अहवालाची मुदत २३ डिसेंबर २०२५ होती. त्यापुढे वर्षातून किमान दोनदा भर घालायची आणि नोंद पाच वर्षं ठेवायची. अहवालातल्या प्रत्येक नोंदीत काय बघायचं? संघटनेचं नाव, काय घडलं त्याचं थोडक्यात वर्णन, दारू किंवा ड्रग्ज होते का, निष्कर्ष, शिक्षा. शिवाय चार तारखा : घटना कधीची, चौकशी कधी सुरू झाली, कधी संपली, संघटनेला कधी कळवलं. घटनेपासून निकालापर्यंत सात-आठ महिने गेलेले दिसले, तर मधल्या काळात तिथे नवी भरती झाली का, ते विचारा.

एक फट आहे. हा अहवाल फक्त मान्यताप्राप्त संघटनांचा. मान्यता गेलेलं घर पुढे काय करतं, ते इथे दिसणार नाही. यादीत नाव नाही म्हणजे कारभार स्वच्छ, असं समजू नका.

प्रश्न : आमच्या चॅप्टरला ‘सर्व कामकाज तात्काळ थांबवा’ असं पत्र आलंय. चौकशी सुरू आहे. मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. काय करू? – एक विद्यार्थी, टेक्सस

उत्तर : हे पत्र म्हणजे शिक्षा नव्हे, तात्पुरती बंदी. पण तिचा भंग हाच नवा आरोप होतो, आणि मूळ आरोप सिद्ध न होता याच्यावर शिक्षा भोगलेली चॅप्टर आहेत. सहसा बैठक, भरती, पार्टी, संघटनेच्या नावाने खेळणं हे सगळं बंद असतं. एखाद्याच्या अपार्टमेंटमध्ये ‘फक्त जेवायला’ पंधरा जण जमलात, तर ती बैठकच धरली जाईल. पत्रात काय बंद आहे ते शब्दशः वाचा.

ग्रुप चॅट पुसू नका. कोणीतरी हमखास पुसतं, आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या कोणाकडे असतोच. दुसरी चूक, सगळ्यांनी ठरवून एकच उत्तर देणं. आठ मुलांनी तेच वाक्य त्याच क्रमाने म्हटलं की चौकशी करणारा वही मिटत नाही, नवीन पान उघडतो.

पुढे लेखी आरोप येतो, मग सुनावणी. निकष फौजदारी खटल्याचा नसतो. बहुतेक ठिकाणी ‘घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. सोबत सल्लागार नेता येतो, पण अनेक ठिकाणी त्याला तुमच्या वतीने बोलता येत नाही. अपिलाची मुदत दिवसांत मोजतात, आणि ‘आम्हाला निकाल पटला नाही’ हे कारण चालत नाही. प्रक्रियेतली चूक, नवा पुरावा किंवा प्रमाणाबाहेर शिक्षा, असं काही दाखवावं लागतं. राष्ट्रीय मुख्यालयाची चौकशी वेगळी. विद्यापीठाने सोडलं तरी ते चार्टर काढू शकतं.

आता व्हिसा. चॅप्टरवरची कारवाई तुमच्या गुणपत्रिकेवर येत नाही. पण तुमच्या स्वतःच्या नावाने वेगळा आरोप आला आणि वैयक्तिक निलंबन झालं, तर पूर्णवेळ प्रवेश तुटतो आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद बंद होते. पदवी पूर्ण केल्यावर देश सोडायला मिळणारे साठ दिवस अशा वेळी मिळत नाहीत. वैयक्तिक आरोपाचा कागद हाती आला, की त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय गाठा आणि वकीलही गाठा, कारण ते कार्यालय विद्यापीठाचंच असतं.

प्रश्न : आम्हा सात-आठ जणींना दक्षिण आशियाई सोरोरिटीचं चॅप्टर सुरू करायचंय. मान्यता कशी मिळते? – एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी मुख्यालय निवडा. कप्पा फाय गॅमा (ऑस्टिन) आणि डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन) या दोन्ही १९९८ मध्ये टेक्ससमध्येच सुरू झाल्या. पण त्यांना पत्र लिहिण्याआधी विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयात, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरोरिटींचं काम बघणाऱ्या कार्यालयात, जा. नव्या संघटना घेणं सध्या चालू आहे की बंद, हे तेच सांगतील. बंद असेल तर मुख्यालयाने होकार देऊनही उपयोग नाही. मग परिषद, म्हणजे कॅम्पसवरच्या अशा संघटनांचा कोणता गट तुम्हाला घेणार, ते ठरतं. तुमच्यासारख्यांची जागा बहुधा बहुसांस्कृतिक परिषदेत.

कागद नेहमीचेच : संघटनेची नियमावली, सदस्ययादी, किमान सरासरी गुण, सल्लागार, विम्याचं प्रमाणपत्र, नव्या सदस्यांच्या आठवड्यांचं वेळापत्रक. अडतं ते शेवटच्या कागदावर. ‘भगिनीभाव वाढवणारे उपक्रम’ असं मोघम लिहिलंत तर फाइल परत येईल. कोणता दिवस, किती ते किती, कुठे, कोण हजर, हे लिहा. रात्री उशिरा काहीही ठेवू नका. आणि सात-आठ जणींपैकी चार शेवटच्या वर्षाच्या असतील, तर पुढच्या वर्षी किमान सदस्यसंख्येच्या अटीवरच मान्यता जाईल. अर्ज करण्याआधी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुली शोधा.