निळं कडं, महागलेलं वर्ड आणि पॉवरचं बटण

या खेपेला वाचकांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: आम्ही मागितलं नव्हतं, तरी फोनवर-संगणकावर एआय आलं, आता काढायचं कसं? उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. नको असलेलं बटण डोळ्यांना खुपणं, त्या बटणानं आपली माहिती नेणं आणि त्याचे पैसे आपल्या खात्यातून जाणं, या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. मेनूंची नावं फोनवर आणि संगणकावर बहुधा इंग्रजीत दिसतात, म्हणून ती तशीच देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरतोय : "आजपासून मेटा एआय सगळे ग्रुप वाचणार. बचाव करायचा असेल तर ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू करा." हे खरं आहे का? आणि व्हॉट्सॲपमध्ये दिसणारं मेटा एआयचं ते निळं कडं कायमचं जातं का?

निरोपातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसरं अर्धंच बरोबर. तुमच्या ग्रुपमधले संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात. मेटा एआयला, म्हणजे व्हॉट्सॲपमध्ये बसवलेल्या मेटा कंपनीच्या मदतनिसाला, कळतं ते तीन वाटांनी : तुम्ही त्याच्याच चॅटमध्ये लिहिलेलं, कुणी ग्रुपमध्ये @ लावून त्याला विचारलेलं, किंवा ग्रुपमधलं काही उचलून त्याला पाठवलेलं. एखाद्या काकांनी ग्रुपवर "@मेटा एआय, एकादशी कधी आहे?" असं टाकलं, तर तो प्रश्न तिकडे जातो. त्याआधीची चर्चा आपोआप जात नाही. म्हणजे भोक पडलंच तर ते सभासदाच्या हातून पडतं.

ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी ही सोय एप्रिल 2025 मध्ये आली. ग्रुप उघडा, वर नावावर टिचकी मारा, खाली सरकत जा, तिथं हे नाव दिसेल. ती चालू केली की त्या चॅटमध्ये मेटा एआयला हाक मारता येत नाही, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही, आणि आलेले फोटो-व्हिडिओ फोनमध्ये आपोआप उतरत नाहीत. यातली तिसरी गोष्ट चालू करण्याआधी ग्रुपला सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्याच दिवशी "काकडआरतीचे फोटो गॅलरीत का येत नाहीत?" असे फोन सुरू होतील. प्रत्येक चॅटला ही सोय वेगळी चालू करावी लागते, आणि स्क्रीनशॉट तिनं थांबत नाहीत.

कड्याचं उत्तर कडू आहे. हे लिहीपर्यंत ते काढायचं अधिकृत बटण नाही. भारतात मेटा एआय जून 2024 मध्ये आलं तेव्हापासून लोकांची हीच तक्रार आहे, आणि इटलीच्या स्पर्धा आयोगानं जुलै 2025 मध्ये याच कारणावरून, म्हणजे न विचारता व्हॉट्सॲपमध्ये बसवल्यावरून, चौकशी सुरू केली. पण नुसतं कडं दिसल्यानं काही जात नाही. घोटाळा बहुतेकदा वरच्या शोधपट्टीत होतो. जुनं चॅट शोधायला नाव लिहायचं आणि खाली आलेल्या यादीतलं नाव न निवडता बाण किंवा कड्याचं चिन्ह असलेली ओळ दाबायची, की तो शोध मेटा एआयकडे प्रश्न म्हणून जातो. घरातल्या मोठ्यांना एवढं एकच शिकवा : बाण दाबू नका, यादीतलं नाव दाबा.

एआयशी आधीच गप्पा मारून झाल्या असतील तर त्याच चॅटमध्ये तिरकी रेघ आणि तिला जोडून रोमन लिपीत "रीसेट-एआय" लिहून पाठवा. आधीच्या संभाषणाची त्याची प्रत पुसली जाते. फोनवरचं चॅट नुसतं डिलीट केल्यानं हे होत नाही. कारण महत्त्वाचं आहे : मेटा एआयशी झालेल्या गप्पा 16 डिसेंबर 2025 पासून जाहिराती आणि मजकूर निवडण्यासाठी वापरायचं कंपनीनं जाहीर केलं आहे. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया त्यातून वगळले आहेत, भारत नाही. गुडघेदुखीचा सल्ला तिथं विचारताना हे लक्षात असू द्या.

"कडं नसलेलं व्हॉट्सॲप" म्हणून कुणी जीबी व्हॉट्सॲप किंवा तसलीच दुसरी अनधिकृत आवृत्ती टाकून देत असेल तर हात जोडून नको म्हणा. खातं बंद होऊ शकतं, आणि ज्याच्यापासून लपायचं त्यापेक्षा अनोळखी माणसाच्या हाती सगळी चॅट जाऊ शकतात.

प्रश्न : मल्हारगंजात राहणाऱ्या आईच्या नव्या फोनचं पॉवरचं बटण दाबून धरलं की फोन बंद होण्याऐवजी जेमिनी हा गुगलचा एआय मदतनीस बोलायला लागतो. दुकानदार म्हणतो, "आंटी, अब ऐसा ही आता है."

ऐसा ही आता है, पण बदलता येतं. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड फीचर्स, साइड बटण. तिथं लाँग प्रेससाठी पॉवर ऑफ मेनू निवडा. बऱ्याच इतर अँड्रॉइड फोनांत सिस्टिम, जेस्चर्स, प्रेस अँड होल्ड पॉवर बटण अशी वाट आहे. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत "पॉवर बटण" शोधा. तोवर पॉवर आणि आवाज वाढवायचं (सॅमसंगवर आवाज कमी करायचं) बटण एकदम दाबून धरलं तरी बहुतेक फोनांवर मेनू येतो. मदतनीस मुळातच नको असेल तर ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, डिजिटल असिस्टंट इथं "नन" निवडा. मग "ओके गुगल" म्हणून अलार्म लावणंही बंद होईल. आईला ते लागत असेल तर फक्त बटण बदला.

प्रश्न : रामबागेत आमच्या घरी मायक्रोसॉफ्ट 365 पर्सनल आहे. वर्षाला ₹4,899 जायचे, नूतनीकरणाला ₹6,899 गेले. म्हणे त्यात कोपायलट हा एआय मदतनीस आहे. आम्हाला वर्ड आणि एक्सेलच हवं. जुना दर मिळतो का?

मिळू शकतो, पण ती वाट अशा ठिकाणी ठेवली आहे की सरळ माणूस तिथं जाणारच नाही. जुन्या किमतीची, कोपायलट नसलेली योजना "क्लासिक" नावानं आहे. ती दुकानात नाही, किमतींच्या पानावरही नाही. सबस्क्रिप्शन रद्द करायला निघालं की मगच दिसते.

ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर लॉगिन करा. सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्समध्ये आपल्या योजनेपुढचं मॅनेज दाबा, मग कॅन्सल सबस्क्रिप्शन. घाबरू नका, एवढ्यानं काही रद्द होत नाही. पुढच्या पानावर पर्याय येतात, त्यांत पर्सनल क्लासिक जुन्या दरासह असेल तर ते निवडा. हा पर्याय जुन्या ग्राहकांनाच आहे, आणि रिकरिंग बिलिंग, म्हणजे नूतनीकरणाचे पैसे आपोआप कापले जाणं, चालू असावं लागतं. इथं पुष्कळांचं चुकतं : चिडून आधी आपोआप कापणी बंद करतात, मग क्लासिक दिसत नाही म्हणून पुन्हा चिडतात. बंद केली असेल तर आधी चालू करा, मग वरच्या पायऱ्या करा. शिवाय कंपनीनं ही योजना मर्यादित काळासाठी म्हटली आहे आणि पुढची नवी वैशिष्ट्यं तिला मिळतीलच असं नाही. पत्रं लिहिणं आणि घरखर्चाचा हिशेब यासाठी त्यानं काही अडत नाही.

फॅमिली योजनेत (₹6,199 ची ₹8,199 झाली) हिशेब आणखी तिरका आहे. सहा माणसं वापरू शकतात, पण कोपायलट फक्त ज्याच्या नावावर योजना आहे त्यालाच. बाकीच्या पाचांसाठी वाढलेले ₹2,000 कशाचे, हा प्रश्न रास्त आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर 2025 मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं : सुमारे 27 लाख ग्राहकांना जास्त पैसे भरा किंवा रद्द करा याखेरीज क्लासिकचा तिसरा पर्याय आहे हे सांगितलंच नाही. त्यानंतर कंपनीनं तिथल्या ग्राहकांची माफी मागून फरकाची रक्कम परत देऊ केली. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला 13 फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली आहे. सबस्क्रिप्शनचा सापळा आणि पडद्याची मांडणी अशी करणं की ग्राहकाला हवं ते दिसूच नये, हे दोन्ही तिच्यात आहेत. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. जुन्या आणि नव्या बिलाची प्रत आणि दरवाढीची सूचना देणारा मेल हाताशी ठेवा. त्या मेलमध्ये क्लासिकचा उल्लेख होता की नाही, यावरच सगळं आहे.

योजना तीच ठेवून नुसता कोपायलट बंद करायचा असेल तर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कोपायलट इथली "एनेबल कोपायलट" समोरची खूण काढा. वर्डमध्ये काढली म्हणून एक्सेलमध्ये निघत नाही, आणि एका संगणकावर काढली म्हणून दुसऱ्यावर निघत नाही. पैसे अर्थातच तेवढेच जातात.

लिबरऑफिस फुकट आहे, मराठी युनिकोड नीट चालतं. साध्या कामाला ते पुरतं. मॅक्रो (फाइलीत बसवलेले आपोआप चालणारे आदेश) असलेल्या एक्सेल फाइली, विशेषतः कर भरण्याच्या एक्सेल युटिलिटीज, तिथं अडखळतात. ते काम घरात होत असेल तर क्लासिकच बरं.

प्रश्न : टिळकनगरात माझं क्लिनिक आहे. नवा लॅपटॉप घेतला. तो दर काही सेकंदांनी पडद्याचे फोटो काढतो असं मुलगा म्हणतो. पेशंटचे रिपोर्ट याच्यावरच उघडतो.

मुलगा सांगतोय ते रिकॉल, म्हणजे पडद्याचे फोटो साठवून नंतर त्यांत शोधू देणारी विंडोजची सोय. ते सगळ्या विंडोज 11 वर नसतं. "कोपायलट प्लस पीसी" असा शिक्का असलेल्या यंत्रांवरच असतं. त्यांना सेकंदाला 40 लाख कोटी क्रिया करणारी वेगळी एआय चिप, 16 जीबी रॅम आणि 256 जीबी साठवण लागते. आपल्याकडे आहे का ते पाहायला सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा. "रिकॉल अँड स्नॅपशॉट्स" ही ओळ तिथं नसेल तर विषय संपला.

मे 2024 मध्ये ते जाहीर झालं तेव्हा साठवलेला मजकूर नीट कुलूपबंद नसल्याचं सुरक्षा-अभ्यासकांनी दाखवलं, ओरड झाली आणि मायक्रोसॉफ्टनं ते जूनमध्ये मागे घेतलं. एप्रिल 2025 मध्ये परत आलं ते बदलून : तुम्ही हो म्हटल्याशिवाय चालू होत नाही, चित्रं त्याच यंत्रात एन्क्रिप्ट होऊन राहतात, उघडायला चेहरा, बोट किंवा पिन लागतो. पण पिन तुमच्या रिसेप्शनिस्टलाही माहीत असतो, हे क्लिनिकमधलं वास्तव आहे. पासवर्ड आणि कार्डाचे आकडे गाळायची त्यात सोय आहे; रक्तातली साखर किंवा एखादा नाजूक निदानाचा रिपोर्ट ती ओळखेल यावर भिस्त ठेवू नका. सिग्नल या निरोपाच्या ॲपनं मे 2025 मध्ये विंडोजवर आपली खिडकी रिकॉलला दिसूच नये अशी तजवीज केली, ती काही उगाच नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत सल्ला सरळ आहे, काढून टाका. आधी रिकॉलच्या पानावर सेव्ह स्नॅपशॉट्स बंद करून डिलीट ऑल करा. मग स्टार्टमध्ये "टर्न विंडोज फीचर्स" शोधा, यादीतल्या रिकॉलसमोरची खूण काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. मोठा अपडेट झाला की ती खूण एकदा पाहून घ्या. हेच रिसेप्शनवरच्या यंत्रावरही करा; रिपोर्टचं पीडीएफ तिथंही उघडतं. वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. पेशंटची माहिती सांभाळणारे म्हणून त्यात तुम्हीही येता.

प्रश्न : जीमेल आमचे मेल वाचून एआय शिकवतं असं ऐकलं. बंद कसं करू?

नोव्हेंबर 2025 मध्ये ही बातमी फार फिरली. मेलचा मजकूर जेमिनी मॉडेल शिकवायला वापरत नाही, असं गुगलनं तेव्हा स्पष्ट केलं. सारांश आणि उत्तराच्या सूचना देण्यासाठी मात्र मेल तपासले जातात. तेही नको असेल तर संगणकावर सी ऑल सेटिंग्ज, जनरल, स्मार्ट फीचर्स इथली खूण काढा, आणि लगेच खालच्या वर्कस्पेस स्मार्ट फीचर्समध्येही. पुष्कळ जण एकच काढतात. किंमत अशी की प्रमोशन्स, सोशल हे वेगळे कप्पे जातात आणि साड्यांच्या सेलचे सगळे मेल मुख्य पेटीत ओतले जातात. दोन दिवस करून पाहा, नको वाटलं तर परत चालू करा.

प्रश्न : भंवरकुआंला कोचिंगसाठी राहतो. जियोबरोबर जेमिनी प्रो, एअरटेलबरोबर परप्लेक्सिटी, चॅटजीपीटी गो एक वर्ष, सगळं फुकट मिळतं असं ऐकलं. तिन्ही घ्यावं का? नंतर पैसे कापतील का?

अभ्यासाला यांतलं एक एआय ॲप पुरे. सोय अजून चालू आहे का आणि फुकटपणाच्या अटी काय, ते आधी पाहा. जियोची 18 महिन्यांची सोय पात्र अनलिमिटेड 5जी प्लॅन चालू असेतोवरच आहे. मधे स्वस्त रिचार्ज मारलं तर ती गेली. ₹35,100 ची भेट म्हणून ती मिरवली गेली, म्हणजे महिन्याला ₹1,950. मुदत संपल्यावर तेवढे द्याल का, हे आजच ठरवा. चॅटजीपीटी गोचा दर महिन्याला ₹399 आहे.

जिथं "फुकट" घेतानाही यूपीआय किंवा कार्ड जोडायला लावतात, तिथं तुम्ही पुढच्या कापणीला मंजुरी देत असता. ₹15,000 पर्यंतच्या अशा आवर्ती कापणीला दर वेळी ओटीपी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं किमान 24 तास आधी सूचना यायलाच हवी, पण रिचार्ज आणि लोनच्या निरोपांत ती हरवते. ॲप फोनमधून काढून टाकल्यानं कापणी थांबत नाही. जिथून घेतलं तिथूनच रद्द करायचं : प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये, यूपीआयवरून असेल तर त्या ॲपच्या ऑटोपे यादीत, कार्ड असेल तर बँकेच्या ई-मँडेटच्या (आवर्ती कापणीच्या मंजुरीच्या) पानावर. रद्द करताना पडद्यावर "अमुक तारखेपर्यंत चालू राहील" असं आलं तर आजच रद्द करून टाका. तसं येत नसेल तर मागे फिरा आणि मुदतीच्या पाच दिवस आधीचा अलार्म लावा.

नोट्स त्यात टाकणार असाल तर चॅटजीपीटीत सेटिंग्ज, डेटा कंट्रोल्समधलं "इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन" बंद करा. जेमिनीत "कीप ॲक्टिव्हिटी" बंद करा. त्यानंतरही गप्पा 72 तासांपर्यंत राहतात, आणि माणसांनी तपासणीसाठी आधीच निवडलेल्या तीन वर्षांपर्यंत राहू शकतात. आधार कार्डाचा फोटो आणि बँकेचं पासबुक "फॉर्म भरून दे" म्हणत तिथं चढवू नका.