"नियमानुसार खाटा राखीव" या तीन शब्दांच्या जागी आकडा लिहून घ्या

तुमचा प्रश्न असा, की पालिका रुग्णालयाला लागून असलेला भूखंड खाजगी रुग्णालयाला दीर्घ मुदतीने द्यायचं चाललंय, त्यामुळे पालिकेच्या खाटा मोकळ्या होतील असं सांगतात, तर हरकत काय नोंदवायची? हीच वाक्यं एका जुन्या प्रस्तावात होती आणि ती फार महागात पडली, म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही, मसुदा वकिलाला दाखवाच.

शेजारी इमारत उभी राहिली की मोकळी होते ती फक्त पैसे भरून तिकडे जाऊ शकणाऱ्याची खाट. आयर्लंडने २००५ साली हीच योजना आणली, कारण तिथल्या सरकारी रुग्णालयांत खाजगी विमावाले रुग्ण खाटा धरून होते. सुमारे १,००० खाटा मोकळ्या करायच्या होत्या. योजनेतलं एकही रुग्णालय बांधलं गेलं नाही. ससूनच्या जनरल वॉर्डात तसा रुग्ण किती सापडेल? ज्याला परवडतं तो आधीच खाजगीत गेलेला असतो.

आता खरी चूक. मसुद्यात "नियमानुसार खाटा राखीव राहतील" असं असेल तर ते वाक्य तिथेच खोडायला लावा. निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटांचं बंधन सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली येतं, त्याची योजना उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. पण ते धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना लागू आहे. निविदा खाजगी कंपनीने जिंकली तर कुठला नियम? कार्यालयात विचारलं की उत्तर मिळतं, "नियमानुसार म्हणजे नियमानुसार." पुढे रुग्ण दारात उभा असतो आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून आकडा भाडेपट्ट्यातच हवा, दंडासकट.

तोही आकडा विभागवार मागा. नुसतं "२० टक्के" लिहिलं तर सगळ्या खाटा जनरल वॉर्डात दाखवतात, अडचण मात्र आयसीयू आणि नवजात अतिदक्षता कक्षात असते. खाट द्यायची की नाही हे पालिकेच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या पत्रावर ठरावं, खाजगीच्या बिलिंग काउंटरवर नाही. अनामत नाही, दर राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे, आणि योजनेत न बसणाऱ्या उपचारांचं काय ते वेगळं कलम. रुग्ण परत पाठवायचा तर वैद्यकीय कारण लेखी. हे नसेल तर पैसे संपलेला रुग्ण शेजारून तुमच्याकडेच येतो, म्हणजे खाट उलट अडते.

नर्सचा हिशेबही मांडाच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक नर्स धरली तर १० खाटांना तीन पाळ्यांत ३० लागतात, सुट्ट्या-रजांसाठी ३० टक्के वाढवल्या की ३९. शेजारी पगार जास्त असेल तर पालिकेच्या नर्स पहिल्या तिकडे जातात, आणि नर्सशिवायची खाट म्हणजे निव्वळ फर्निचर. ठरावीक काळ तरी एकमेकांचे कर्मचारी न घेण्याचं कलम टाका.

जाता जाता : ऑक्सिजन लाइन, वीज मीटर आणि जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद वेगळी ठेवायला सांगा, नाहीतर शेजारच्याचं बिल पालिका भरते. रुग्णवाहिका आत शिरण्याचा रस्ताही नकाशावर दाखवायला लावा, पार्किंगने तोच पहिला गिळला जातो.

हरकत तोंडी सांगू नका. आवक कक्षात द्या आणि आवक क्रमांकाच्या शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.