आधी नीट पाहा, मग नाव ठेवा

प्रश्न : मुलगी सव्वातीन वर्षांची आहे, सातपूरला बालवाडीत जाते. ताई सांगतात, वाळूच्या हौदात ती मुलांशेजारी बसते, पण कुणाशी खेळत नाही. एकलकोंडी होईल का?

उत्तर : शेजारी बसते, हे महत्त्वाचं. या वयात मुलं बरेचदा एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांशेजारी खेळतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत मिल्ड्रेड पार्टन यांनी एकेका मुलाला मिनिट-मिनिट न्याहाळलं आणि १९३२ साली सहभागाचे सहा प्रकार मांडले : नुसतं रेंगाळणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ बघणं, शेजारी खेळणं, सोबत खेळणं आणि मिळून खेळणं. मात्र या काही परीक्षेच्या इयत्ता नव्हेत. पाच वर्षांचं मूलही कधी कधी एकटं रमतं, आणि रमू द्यावं.

परवाच एका बालवाडीत पाहिलं. एका मुलीने डब्याच्या झाकणात वाळू भरून वर तळहाताने थोपटलं. शेजारचीने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि तसंच थोपटलं. दोघी चकार शब्द बोलल्या नाहीत. माझ्या लेखी ती ओळखच होती! तेव्हा 'जा, मिळून खेळ' म्हणून लेकीला ढकलू नका. हाक मारल्यावर ती बघत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल किंवा येणारे शब्द बोलेनाशी झाली असेल, तर मात्र वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या बागेत मुलांना चावतो. सूनबाई रागावतात, मी पाठीशी घालतो.

उत्तर : आजोबा, आठवडाभर दोघंही एक वही ठेवा. 'मारकुटा आहे' हा शेरा झाला. नोंद अशी हवी : 'सहा वाजता. घसरगुंडीच्या शिडीवर मागचा मुलगा अगदी चिकटला. याने वळून दंडाला चावा घेतला. तो मुलगा खाली उतरला.' शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. नातवाला जागा हवी होती, ती मिळाली. 'सरक', 'माझी पाळी' हे शब्द त्याच्या तोंडी अजून आलेले नसणार. घरी चेंडूच्या खेळात ते रोज वापरा. बागेत चावलाच, तर आधी रडणाऱ्या मुलाला जवळ घ्या, मग नातवाला एवढंच सांगा : 'चावायचं नाही. त्याला दुखतं.' तुम्ही आणि सूनबाई, दोघांनी हेच वाक्य म्हणायचं. एक रागावतो, दुसरा कुरवाळतो, त्यात पोर गोंधळून जातं.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. पोषण आहार, वजनं, रजिस्टरं यातून मुलांचं निरीक्षण कधी करू?

उत्तर : ताई, तुमची ओढाताण खरी आहे. म्हणून रोज तीनच मुलं निवडा, प्रत्येकाला एक मिनिट. तेवढा वेळ मदतनीसताईंना बाकीच्यांकडे बघायला सांगा. मुलाने काय केलं आणि कुणाजवळ केलं, दोनच ओळी. भातुकलीच्या वेळी भरपूर दिसतं. महिनाअखेरीला वही चाळा आणि ज्या नावापुढे सगळ्यात कमी लिहिलंय, त्या मुलाजवळ दुसऱ्या दिवशी आधी जाऊन बसा. दंगेखोर मुलं आपोआप दिसतात, गुणी म्हणवली जाणारी गप्प मुलं नजरेतून निसटतात.