पिल्लं पाठीवरून का उतरली?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले टिबुकलीचे, त्या बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याचे, 42 फोटो काल रात्री पाहिले. मग पुन्हा एकदा पाहिले, या वेळी प्रत्येकाची वेळ बघत. पहिला फोटो सकाळी 6:52 चा. टिबुकली निवांत तरंगते आहे, पंख किंचित उचललेले आणि त्यांच्या फटीतून दोन पट्टेरी डोकी बाहेर डोकावताहेत. 7:01 ला तिची मान ताठ झाली आहे. 7:04 ला अंग निम्मं पाण्याखाली गेलं आहे. 7:09 च्या शेवटच्या फोटोत पक्षी चौकट भरून आहे, पीस न् पीस मोजता येतं. पण पाठ रिकामी आहे आणि पिल्लं हातभर लांब, पाण्यात एकटी.

आणि तू विचारतेस, "अजून जवळून मिळावं म्हणून कोणती लेन्स घेऊ?"

लेन्सचं नंतर बघू. त्या सतरा मिनिटांत तू पुढे पुढे सरकत गेलीस, हे फोटोच सांगताहेत.

टिबुकलीच्या पाठीवरची पिल्लं आपल्याला गोड दिसतात, पण ती तिथे मजेसाठी बसलेली नसतात. नुकतंच अंड्यातून आलेलं पिल्लू स्वतःचं अंग उबदार राखू शकत नाही आणि पाणी तर अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. पहिले काही दिवस ती पाठ म्हणजेच त्यांचं घरटं. टिबुकली बिचकली की पिल्लं पाण्यात उतरतात आणि आपण काठावर ठाण मांडून बसलो की ती परत वर चढायची वेळ लांबत जाते. आणखी एक. तू सगळीकडे ‘आई’ लिहिलं आहेस. टिबुकलीत नर-मादी दिसायला सारखेच, आणि पिल्लं दोघंही वाहतात. एकाच्या पाठीवर पिल्लं असतात तेव्हा दुसरा बुड्या मारून किडे, बारीक मासळी आणून भरवतो. तो दुसरा तुझ्या 42 पैकी एकाही फोटोत नाही. पलीकडे लव्हाळ्यात चोचीत घास धरून थांबला असेल.

म्हणून यापुढे अंतर पावलांत मोजू नकोस. बस, आणि पक्षी आपलं काम पुन्हा सुरू करतो का ते बघ. तू आलीस की तो थांबणारच. मग पिसं साफ करायला लागला, बुडी मारली, पिल्लाला काही भरवलं, तर तुझी जागा बरोबर आहे. दहा मिनिटं झाली तरी मान खाली येत नसेल, तर मागे हो. आणखी दहा मिनिटं वाट बघ असं मी म्हणणार नाही, मागेच हो.

हे मी कसं शिकलो तेही सांगतो. एका तळ्याच्या चिखलात शेकाट्याचं, त्या लांब पायांच्या पाणथळी पक्ष्याचं, घरटं होतं, चार अंडी. मी बारा-पंधरा पावलांवर बसलो. पक्षी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होता, मधेच चिखलात उतरून मोडल्यासारखा पंख फरफटत होता. मला वाटलं, काय नशीब आहे, एवढ्या हालचाली एकाच सकाळी! ऊन चढेपर्यंत मी हललो नाही. घरी फोटो उघडले तर एकूण एक फोटोत चोच उघडी होती आणि मागे अंडी उन्हात उघडी पडलेली. रणरणत्या उन्हात शेकाट्या पोटाची पिसं भिजवून येऊन अंडी गार ठेवतो. ती सबंध सकाळ मी त्याला ते करू दिलं नव्हतं. चार दिवसांनी गेलो तेव्हा घरट्यात काही नव्हतं. ते फोटो मी आजवर कुणाला दाखवले नाहीत. ठेवले मात्र आहेत.

शेकाट्याच्या पिल्लांबद्दल तर जास्तच जप. धोक्याचा आवाज आला की ती पळत नाहीत, चिखलाला चिकटून गोठून बसतात. दिसत नाहीत म्हणून आपण बिनधास्त चालतो आणि पाय त्यांच्यावरच पडू शकतो. पालक ओरडायला लागले तर आल्या वाटेनं, खाली बघत परत फीर.

घरट्यासमोरचं गवत किंवा पाणकणसाचं पान मधे येतं म्हणून कधी मोडू नकोस, वाकवूसुद्धा नकोस. तेच पान दुपारी सावली देतं, तेच कावळ्यापासून लपवतं. मधे आलं तर येऊ दे. पुढचं पान धूसर होऊन कडेला राहिलं तर फोटो उलट खरा वाटतो.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. तुझी 500 एमएमची लेन्स पुरेशी आहे. काठावर पालथी पड, लेन्स पाण्यापासून वीतभर उंच, खाली बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी. उभं राहून काढलेल्या फोटोत पिल्लू म्हणजे पाण्यावरचा ठिपका. पाण्याच्या पातळीला आलीस की त्याचा डोळा दिसतो. शिवाय आडवं पडलेलं माणूस पक्ष्याला कमी भेववतं. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 15 मीटरवरून लेन्सचं छिद्र एफ 5.6 ला असेल तर जेमतेम 30 सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, छिद्र लहान करून एफ 8 केलं तर 40 च्या आसपास. म्हणजे पालक आणि पिल्लू पुढेमागे असतील तर एक धूसर होणारच. ते दोघं तुझ्यापासून सारख्याच अंतरावर येईपर्यंत थांब आणि फोकस पिल्लाच्या डोळ्यावर धर. घास चोचीतून चोचीत जायला क्षणही लागत नाही, तेव्हा शटर 1/1600 सेकंदापेक्षा संथ ठेवू नकोस, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. शटरचा आवाज बंद ठेव. फ्लॅश नको, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं नको. जागेचं नाव फोटोखाली लिहू नकोस. तू सांभाळून बसशील, पण तुझ्यानंतर येणारे दहा जण बसतीलच असं नाही.

42 पैकी पहिला फोटो ठेव. त्यात पक्षी लहान आहे, भोवती खूप पाणी आहे, उजवीकडचं पिल्लू तर अर्धं पंखाखालीच आहे. क्रॉप करू नकोस. मला तो सगळ्यांत आवडला.

पुन्हा जाशील तेव्हा पहिल्या फोटोच्या जागीच बस, पुढे नको. दुसरा पालक घास घेऊन आला तर कळव, आणि पिल्लं दोनच आहेत की पंखाखाली तिसरंही आहे, ते नीट बघ. 6:52 च्या फोटोत डाव्या पंखाखाली मला आणखी एक इवलीशी चोच असल्यासारखी वाटते.