नागपुरात नव्यानं मित्र जोडायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चौतीस, कोल्हापूरहून मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी वसाहतीतल्या) नोकरीसाठी नागपूरला आलात, मनीषनगरला राहता, बायको घरूनच काम करते. ऑफिसात हसणं-बोलणं होतं, पण सुटी झाली की ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या घराकडे. ओळखी व्हाव्यात म्हणून दोन मोठ्या मेळाव्यांना जाऊन आलात. तिथं पन्नासेक माणसं होती, फोटो झाले, नंबर घेतले-दिले, पुढं काहीच नाही. "माझ्यातच काही कमी आहे का?" असं तुम्ही शेवटी विचारलंय.

त्याचं उत्तर आधी देते. नाही. पन्नास माणसांच्या घोळक्यात कोणाचंच कोणाशी जुळत नाही. तिथं प्रत्येकाशी नाव-गाव-नोकरी एवढंच बोलून होतं, आणि तेवढ्यावर कोणी कोणाच्या घरी जात नाही.

दुसरी गोष्ट. इथले सगळे आपापल्या जुन्या गोतावळ्यात रमलेले आहेत, आपण तेवढे बाहेरचे, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपूरचीच आहे, म्हणून सांगते, हे खरं नाही. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं-मुली शिक्षण संपताच पुणे, हैदराबाद, बंगळुरूला गेली. दिवाळीला येतात, चार दिवस धमाल होते, नंतर शहर तेच पण बोलायला माणूस नाही. लक्ष्मीनगर-प्रतापनगरात जन्म काढलेले चाळिशीतले कितीतरी लोक या घडीला तुमच्याइतकेच एकटे आहेत, फक्त ते तसं कोणाला सांगत नाहीत. तुम्ही हाक दिलीत तर 'ओ' देणारे पुष्कळ आहेत.

आता मुद्द्याचं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी 2018 मध्ये मैत्री व्हायला किती वेळ लागतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणावं असं नातं व्हायला 90 च्या आसपास, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर, असा त्यांचा अंदाज. त्यातही एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, निवांत घालवलेले पडतात. तुमचं ऑफिसातलं कोडं इथंच सुटतं. आणि हिशेब करून बघा. आठवड्याला दोन तास भेटलात तर सहा महिन्यांत पन्नास तास होतात, वर्षभरात शंभर. म्हणजे तीच सहा-सात माणसं, तोच वार, तीच वेळ, आणि वर्षभराचा धीर. दर महिन्याला नवा मेळावा गाठत राहिलात तर प्रत्येक वेळी पहिल्या तासापासून सुरुवात.

आमचा रविवार सकाळचा गट बरीच वर्षं टिकला तो याच कारणानं. आमच्याकडे "या रविवारी कोण कोण येतंय?" असा मेसेज कधीच जात नाही. तो प्रश्न टाकला की पहिला म्हणतो बघतो, दुसरा म्हणतो पाहुणे आहेत, आणि तिसऱ्याला वाटतं कोणीच येत नाहीये तर आपण कशाला. त्याऐवजी ठरलेलं असतं की सकाळी सातला आम्ही ठरल्या जागी असतोच. पाऊस असो, कोणाचं लग्न असो, दोघं जण तरी असतातच. नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती असते ती आपण गेलो आणि तिथं कोणी नसलं तर याची. ती भीती तेवढी काढून टाका. दोन पक्की माणसं मिळाली की गट झालाच म्हणून समजा. पहिले तुम्ही, दुसरा शोधा.

जागा निवडताना एक बघा, तिथं बोललेलं ऐकू आलं पाहिजे. फुटाळा तलाव दिसायला छान, पण संध्याकाळी तिथं गाड्या, गर्दी आणि गाण्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. सेमिनरी हिल्सची टेकडी सकाळी उत्तम, सावली आहे, रस्ता चढउताराचा आहे, चालता चालता बोलणं आपोआप होतं. अंबाझरी तलावाच्या बाजूलाही तसंच. चालण्यात मोठी सोय अशी की समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राहावं लागत नाही. बुजऱ्या माणसाला ते फार सोपं जातं, आणि मधेच दोन मिनिटं कोणी बोललं नाही तरी अवघडल्यासारखं होत नाही. धरमपेठेतले कॅफे मी पहिल्या काही भेटींना तरी टाळते. तिथं बिल येतं, आणि बिलावरून माणसं न सांगता गळतात.

त्यापेक्षा तर्री पोहे. तुम्ही उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगरला मेट्रोत बसलात की कस्तुरचंद पार्कच्या ठेल्यांपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, तेव्हा अंतराची सबब नको. ठेल्यावर उभं राहायचं. पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा पडतो, त्यावर लाल तर्री म्हणजे तिखट तेलाचा तवंग, वरून कच्चा कांदा, चिवडा, लिंबू. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात चमचा, नाकातून पाणी येतंय, अशा वेळी कोणाला संकोच सुचत नाही. कोल्हापूरच्या माणसाला तर बोलायला विषयही आयता मिळतो. तुमच्याकडची मिसळ भारी की आमचे पोहे, यावर आमच्या ठेल्यापाशी तासभर सहज निघतो. ज्याचे पैसे त्यानं द्यायचे, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. उदार माणूस दोन-तीनदा सगळ्यांचे देतो, मग बाकीच्यांना ओझं वाटायला लागतं.

पहिल्या भेटीनंतर घरी येताना वाटेल की आपण फार बोललो, किंवा काहीच बोललो नाही, त्यांना आपण आवडलो नसणार. असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलल्यावर समोरच्याला आपण प्रत्यक्षात जितके आवडलो त्यापेक्षा कमी आवडलो असं धरून चालतात, हे 2018 मध्येच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात दिसलंय. तेव्हा त्या वाटण्यावर जाऊन दुसरा रविवार चुकवू नका. दुसरा आणि तिसरा रविवारच महत्त्वाचा. तिसऱ्यांदा गेलात की कोणीतरी म्हणतंच, "काहून, मागच्या वेळी लवकर निघून गेले तुम्ही?" आपली कोणीतरी नोंद घेतली, हे कळणं माणसाला फार लागतं.

मात्र नुसतं रविवारी भेटून मैत्री पक्की होत नाही, हेही सांगायला हवं. ती पक्की होते मधल्या वारांना, आणि त्याला काम लागतं. छोटं काम मागा. नव्या गावात मदत मागायला लाज वाटते, पण इथं माणसं मदत मागितल्यानंच जवळ येतात. आमच्याकडे एक जण बदली होऊन बँकेत आलेले. मार्च संपत आला तरी त्यांनी कूलरचं काही केलं नव्हतं, पंख्यावर भागेल असं त्यांना वाटत होतं. गटातल्या एका काकांना त्यांनी सहज विचारलं की कूलर घ्यायचा तर कुठला. काका त्यांना घेऊनच निघाले. टाकी किती लिटरची, खिडकीला कसा बसवायचा, कूलरच्या बाजूंना लावायच्या गवताच्या ताट्या साध्या घ्यायच्या की वाळ्याच्या, पाण्याची मोटर वेगळी का बघून घ्यायची, सगळं सांगत सांगत अर्धा दिवस दोघं दुकानं फिरले. वाळ्याची ताटी पहिल्यांदा भिजली आणि घरभर तो वास पसरला, तेव्हा त्यांनी काकांना फोन करून "घरी या" म्हटलं. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांकडे न विचारता जातात. तुम्हालाही मार्चमध्ये ताट्या बदलाव्या लागतीलच, तेव्हा कोणाला तरी विचारा.

उन्हाळ्यावरून आठवलं. गट सुरू करायला दसऱ्यानंतरचा काळ चांगला. थंडीत सकाळी लोक उत्साहानं येतात, गोरेवाड्याच्या आणि अंबाझरीच्या पाण्यावर बाहेरचे पक्षी उतरलेले असतात, नुसती दुर्बीण घेऊन गेलं तरी दोन तास जातात. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो आणि इथंच बहुतेक गट बंद पडतात. बंद करू नका, वेळ बदला. पहाटे साडेपाचला भेटा, सातला घरी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, बाहेर नकोच, कोणाच्या तरी घरी कूलरसमोर पत्ते किंवा कॅरम.

सण सोडू नका. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारी-महालाकडे काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे म्हणजे टीकेचे पुतळेही निघतात. वर्षभराच्या नकोशा गोष्टींवर लोक मनसोक्त टीका करतात आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं गावाबाहेर नेतात. बाहेरून आलेल्यानं ते एकट्यानं बघू नये, इथल्या माणसाबरोबर बघावं. त्या गर्दीत तुमच्यासाठी जागा धरणारा जो कोणी असेल, त्याला सोडू नका.

काही गोष्टी घाईत सांगते. गट फक्त मराठी बोलणाऱ्यांचा ठेवू नका. नागपुरात अर्ध्या गप्पा हिंदीतच होतात, आणि त्यात चांगली माणसं भेटतात. विमा किंवा साखळी पद्धतीनं माल विकणारा गटात शिरला तर पहिल्याच वेळी बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, भीड ठेवलीत तर बाकीचे येणं थांबवतील. व्हॉट्सॲपवर सकाळचे फुलांचे संदेश आणि राजकारण बंद. आणि बायकांनी पहिल्यांदा यावं असं वाटत असेल तर वेळ उजेडाची, जागा रहदारीची, आणि आधीपासून येणाऱ्या एखाद्या बाईचं नाव निरोपात असू द्या. एवढं केलं की येणाऱ्यांची संख्या खरंच बदलते.

राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न. दोघांनी सगळीकडे बरोबरच जायचं का, असं विचारलंत. सुरुवातीला एक-दोनदा बरोबर जा, नंतर नको. जोडीनं गेलं की दोघं एकमेकांशीच बोलत राहता आणि बाकीचेही तुम्हाला जोडी म्हणूनच धरतात. त्या दिवसभर घरात एकट्या असतात म्हणजे त्यांची गरज तुमच्याहून मोठी आहे. त्यांना काय आवडतं हे तुम्ही लिहिलेलंच नाही. वाचन, बागकाम, पोहणं, गाणं, जे असेल ते त्यांना स्वतःलाच इथं लिहू द्या. दक्षिण-पश्चिम भागातल्या दोन-तीन जणींना मी ओळखते, त्या बुधवारी दुपारी भेटतात. त्यांना विचारून सांगते.